किरणांच्या वाटेतली खोली

कोल्हापुरात पाहुणा आला की त्यानं काय काय बघावं, हे धोंडुबाईच्या जिभेवर तयार असायचं. महाद्वाराच्या पश्चिमेला, गल्लीच्या तोंडाशी ती ओटीचं सामान विकायची. नारळ, खण, हळदकुंकू आणि त्यावर फुकटचा सल्ला. "न्यू पॅलेस बघा, टाऊन हॉल बघा, भवानी मंडपात जावा, खासबागेचं मैदान बघा आणि सांजचं रंकाळ्याला जाऊन भेळ खावा. पर पावणं, त्यातलं एक बी ह्या देवळाच्या पासंगाला पुरत न्हाय. हितं दगडातनं सूर्याला वाट सोडलीया. किरणोत्सवाला या, मग बोला."

पाहुणे हसायचे, फोटो काढायचे, पुढं जायचे. बघायला येणाऱ्यांचं तसंच असतं. ते वास्तू बघतात. वास्तूच्या वाटेत जी माणसं राहतात त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे.

अंबाबाईच्या देवळाची ती करामत खरीच आहे. नोव्हेंबरात एकदा आणि जानेवारी सरता सरता एकदा, मावळतीचा सूर्य महाद्वारातून सरळ आत येतो. गरुड मंडप ओलांडतो, कासव चौकातून पितळी उंबऱ्यावर चढतो आणि देवीच्या पायांना लागतो. मग पायांवरून कमरेला, कमरेवरून खांद्याला, आणि योग असला तर मुखाला. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी सूर्यासाठी रस्ता राखला. पुढच्या पिढ्यांनी त्याच रस्त्यावर माड्या चढवल्या, टाक्या बसवल्या, पत्रे ठोकले, आणि किरणं अडली की हळहळायचं काम तेवढं मनापासून केलं.

धोंडुबाई मूळची गडमुडशिंगीची. लग्न होऊन गल्लीत आली तेव्हा तिचा सासरा किरणोत्सवाला पुढं उभा राहून मागच्या गर्दीला ओरडून सांगायचा, की किरणं कुठवर आली. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण त्याचा आवाज मोठा होता. सासरा गेला, नवराही गेला, आणि तो आवाज धोंडुबाईकडे आला. "पितळी उंबरा!" ती ओरडायची आणि मागं हजार माणसं श्वास धरायची. "चरण! गुडघं! कंबर!" आता मोठे पडदे लागतात, मोबाईलवर सगळं दिसतं, तरी गल्लीला तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय किरणं पोचल्यासारखी वाटायची नाहीत. वर्षभर नारळ विकणारी बाई त्या सांजेपुरती देवळाचं तोंड व्हायची. त्या मानावर ती जगत होती असं म्हटलं तरी चालेल.

आणि मान असला की माणूस तो वापरतोच. किरणोत्सव जवळ आला की ती मान वर करून गल्लीतून हिंडायची. कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेली गोधडी, कुणाचा बांबू, कुणाची टाकी. तिचं बोट वर गेलं की तालमीची पोरं जिना चढलीच म्हणून समजा. मालक कुरकुरला तर तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "देवीपुढं कोण मोठं हाय व्हय?" या वाक्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर देणारा देवीच्या विरोधात गेला असं झालं असतं, आणि कोल्हापुरात राहून ते कोण करणार?

एक मात्र खरं, की तिचं बोट वर जायचं पण फार वर जायचं नाही. गल्लीच्या मागच्या अंगाला विजयसिंहांचं लॉज होतं, चांगलं पाच मजली. गणपतीचा मांडव विजयसिंहांचा, तालमीच्या दारावरची कमान विजयसिंहांची, नवरात्रात गल्लीतल्या बायकांना साडी विजयसिंहांची. बळी तो कान पिळी हे खरं, पण जो साडी नेसवून कान पिळतो त्याचा पीळ कुणाला जाणवत नाही.

धोंडुबाईचा एकुलता मुलगा केरबा वेल्डर होता. हात चांगला, बोलणं तिरकस, उंचीची भीती नाही. विजयसिंहांना हौस आली, की लॉजचं नाव रंकाळ्यावरून वाचता यावं. माथ्यावर घरभर रुंदीची लोखंडी पाटी उभी करायचं काम त्यांनी केरबाला दिलं. कमरेला पट्टा नाही, खाली जाळी नाही. सांगाडा उभा राहिला आणि शेवटचा टाका मारताना केरबा खाली आला. मधल्या मजल्याच्या कठड्यावर पाठीत आपटला आणि कमरेखाली कायमचा मेला.

विजयसिंह दवाखान्यात हात जोडून आले. "पोलीस कशाला, कोर्ट कशाला, मावशी? मी हाय की." धोंडुबाईचं घर म्हणजे खाली एक खोली आणि जिना. त्या खोलीला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, दिवसासुद्धा अंधार. केरबाच्या पाठीला तिथं जखमा झाल्या. ऊन आणि वारा मिळाला नाही तर या जखमाच त्याला खातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हा विजयसिंहांनी शब्द पाळला. धोंडुबाईच्या गच्चीवर त्यांनी विटांची एक खोली बांधून दिली. वर पत्रा, पश्चिमेला मोठी खिडकी. पोरांनी केरबाला वर नेऊन खाटेवर ठेवला.

त्या खोलीनं त्याला जगवलं. दुपारपासून खिडकीतून ऊन यायचं आणि त्याच्या मेलेल्या पायांवर पडून राहायचं. समोरच्या घरातली क्रांती, नवरा गेल्यापासून शिवणकाम करून दोन पोरी सांभाळणारी, तिनं त्याच्यासाठी मधोमध खळगा असलेली जाड गादी शिवली. गादीचा अभ्रा ती दर आठवड्याला स्वतः बदलून जायची. पैशाचं नाव काढलं की म्हणायची, "भाऊजी, माझ्या गच्चीवर बसून तुमचं तिरकं बोलणं ऐकाय मिळतंय, तेवढं बास." तिची मशीन समोरच्या गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला होती. दोघं पलीकडून अलीकडून दिवसभर एकमेकांची टर उडवायची. जखमा भरल्या. सांजेला केरबा आईला हाक मारायचा, "निघ गं, सूर्य रंकाळ्याव आला, तुझी ड्युटी सुरू."

पाटी लागल्यानंतरचा तो पहिला किरणोत्सव. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. धोंडुबाई पुढं उभी राहून ओरडत गेली, "चरण! गुडघं! कंबर!" आणि तिथं ऊन लाल झालं, फिकं झालं आणि विझलं. गर्दीतून हाय हाय उठली. धोंडुबाई गर्दीतून बाहेर आली आणि महाद्वारात उभं राहून तिनं मागं वळून बघितलं. सूर्य विजयसिंहांच्या पाटीमागं गेला होता. लोखंडाच्या कडेनं त्याची लाल किनार अजून दिसत होती. डोळे असलेल्या कुणालाही ते दिसलं असतं, पण देवीकडे तोंड करून उभं राहिलेल्याला पाठीमागं वळायचं सुचत नाही.

"मावशी, काय अडलं ओ?" पोरांनी विचारलं. विजयसिंह चार पावलांवर हात जोडून उभे होते. धोंडुबाईला केरबाची खिडकी आठवली, त्याच्या पायांवरचं ऊन आठवलं. तिचं बोट वर गेलं, नेहमीच्या उंचीवर थांबलं आणि नीलम्माच्या गच्चीकडे वळलं.

नीलम्मा गडहिंग्लजकडची लिंगायत बाई. तिचा नवरा गुरुसिद्ध भांड्यांचा व्यापार करायचा. त्यानं मरायच्या आधी गच्चीवर स्वतःच्या हातानं एक छोटं कौलारू देवघर बांधलं होतं. रोज सकाळी नीलम्मा तिथं तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायची. पोरं जिना चढून आली तेव्हा तिनं धोंडुबाईकडे बघितलं.

"अक्का, माझं देवघर माझ्या डोक्याएवढं बी उंच न्हाय. मागं एवढं मोठं लॉज हाय. तुमाला दिसत न्हाय?"

"देवीपुढं कोण मोठं हाय व्हय?" धोंडुबाई म्हणाली.

नीलम्मानं समई उचलली आणि खाली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते गल्लीनं त्या दिवशी दोन तासांत उरकलं. पोरं वाईट नव्हती. वाईट माणसांना इतक्या भक्तिभावानं भिंत पाडता येत नाही. पाडलेल्या लाकडातली एक सागवानी फळी चांगली निघाली, ती कुणीतरी धोंडुबाईला आणून दिली. तिनं ती केरबाच्या उशाशी ठोकली. त्यावर त्याची औषधं राहू लागली.

जानेवारीत ढग आले, त्यामुळे देवघर पाडून काय साधलं ते कळलंच नाही. पुन्हा नोव्हेंबर आला. आभाळ स्वच्छ. पहिल्या सांजेला किरणं पायांना लागली, लोक खूश. दुसऱ्या सांजेला कमरेवर आली आणि विझली.

त्या रात्री तालमीत गल्ली जमली. तालमीचा अध्यक्ष अमरसिंह, इमारतींचे नकाशे काढणाऱ्याच्या ऑफिसात कामाला असलेला पोरगा, मोबाईल घेऊन मधे बसला. त्यानं नकाशावर देवळापासून मावळतीपर्यंत एक रेघ ओढली होती. रेघ बोटाएवढी जाड होती.

"ह्या रेघंत मावशींची खोली येतीया," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट अदब होती.

"लॉज बी येतंय की रेघंत!" धोंडुबाई उसळली.

"लॉजला परवानगी हाय, मावशी. तुमच्या खोलीला हाय का?"

"परवानगी बघून थांबतोय व्हय रं सूर्य? त्यो पाटीमागं जातोय. म्या माझ्या डोळ्यानं बघितलो!"

"कवा बघितलासा?"

"गेल्या सालीच बघितलो!"

धोंडुबाईला आपण काय बोललो ते अर्ध्या क्षणानं कळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आयुष्यभर त्या जिभेनं दुसऱ्यांचं छप्पर काढलं होतं. अमरसिंह शांतपणे म्हणाला, "मग गेल्या साली नीलम्माकाकूंचं देवघर का पाडाय लावलासा?" मागून कुणीतरी हसलं. तिनं वळून बघितलं तर सगळ्यांचे चेहरे गंभीर होते. कोण हसलं ते तिला कधीच कळलं नाही.

"देवीपुढं कोण मोठं हाय व्हय?" अमरसिंहनं विचारलं, आणि बैठक संपली.

ती तशीच नीलम्माच्या दारात गेली. नीलम्मा स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात समई विझवत होती. तिचं देवघर आता त्या कोपऱ्याएवढं उरलं होतं.

"नीलम्मा, तू एकदा बोल गं. लॉजमुळं अडतंय म्हणून सांग. तुझं गेलंय, तुझं मानतील."

"मी तवाच सांगितलोतो, अक्का."

"चुकलं माझं. पाया पडतो तुझ्या. पर केरबाकडं बघ. खाली नेलं तर पोरगं सडून मरंल."

नीलम्मानं पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर सूड नव्हता. असता तर धोंडुबाईला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"केरबा सोन्यासारखा हाय. पर मी बोलून माझं देवघर परत येणार हाय का? न्हाय. मग तुमची खोली राहिली काय आणि गेली काय, मला दोन्ही सारखंच." तिनं समई कोपऱ्यात सरकवली. "त्याच्या उशाला जी फळी हाय की, ती आमच्या यजमानांच्या हातची हाय. खोली पाडताना ती तेवढी बाजूला काढून पाठवा."

सकाळी विजयसिंह स्वतः आले. कडक इस्त्री, कपाळाला कुंकू. "वाईट वाटून घेऊ नका, मावशी. मीच दिलती, मीच पाडाय लावतोय. देवीचं होतं, देवीला गेलं. खाली केरबाला फॅन बसवून देतो. मोठा फॅन." धोंडुबाईला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. ती म्हणाली, "बरं दादा."

ती वर गेली. केरबा खाटेवर पडून खिडकीकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. गल्लीत काही लपत नाही, आणि समोरच्या गच्चीवरून क्रांतीनं रडत रडत सांगितलंच होतं.

"आई, त्यो सांगाडा म्या उभा केलाय," तो म्हणाला. "त्याचा एकेक टाका माझा हाय. त्यो कुठवर जातोय मला ठाऊक हाय. पाटीच सूर्य खातीया."

"मग मी काय करू? जिन्यात आडवी पडू? तालीम दारात हाय."

"पडू नगं. खोली जाऊ दे."

"जाऊ दे म्हणतोस?"

"जाऊ दे. न्हायतर म्हणतील, पोराच्या खोलीसाठी खोटं बोलाय लागली. आज सांजचं किरणं परत अडतील. तवा तुला इचारतील, दरसालसारखं. तवा तुझी खोली नसणार, तुझा सवारथ नसणार. तवा खरं सांग. तवा ऐकतील." तो पहिल्यांदाच तिरकं न बोलता बोलत होता. "न्हायतर माझ्यानंतर कुणाची खोली, आई?"

"सांगतो," धोंडुबाई म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या डोस्क्याव हात ठिवून सांगतो."

पोरांनी त्याला चादरीत घालून उचललं. जिन्याच्या वळणावर केरबा ओरडला, "अरं हळू, देवीची पालखी हाय!" आणि पोरं खरंच हसली. ती हसली याचं कुणालाच काही वाटलं नाही. क्रांती गादी डोक्यावर घेऊन मागून आली. खाली बल्ब लावून तिनं गादी अंथरली, खळगा बरोबर पाठीखाली येईल असा बघून घेतला, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पहिला घाव कुणी घालायचा यावर पोरं घुटमळली. धोंडुबाईनं घण स्वतः घेतला. का घेतला, हे तिला कुणी विचारलं असतं तर देवीसाठी म्हणाली असती. खरं कारण असं, की उद्या तिला गल्लीच्या तोंडाशी बसून नारळ विकायचे होते, परवाही विकायचे होते, आणि गल्लीनं पाठ फिरवली तर त्या कोपऱ्यावर ती एक म्हातारी उरली असती, बाकी काही नाही. तिनं खिडकीवर घाव घातला. काच आधी गेली, मग चौकट. लोकांनी "अंबामाता की जय" म्हटलं. फळी तिनं आधीच काढून नीलम्माकडे पाठवली होती.

दुपारपर्यंत गच्ची मोकळी झाली. त्या गच्चीवर भरपूर ऊन पडलं, कुणाच्याही कामाचं नसलेलं.

सांजेला देवळात मुंगीला वाट नव्हती. धोंडुबाईच्या त्यागाची बातमी पसरली होती. बायका तिच्या पाया पडत होत्या. कुणीतरी तिला हाताला धरून सगळ्यात पुढं नेलं. दिवे मालवले. ऊन आत आलं, पितळी उंबऱ्यावर चढलं, आणि तिचा आवाज निघाला. तो नेहमीपेक्षा मोठा निघाला. "चरण! गुडघं!" आपण काय मागतोय ते त्या घटकेला तिला पक्कं ठाऊक होतं. तिला किरणं मुखापर्यंत जायला हवी होती. केरबाचं खोटं ठरावं, तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरावं, पाटी निर्दोष ठरावी आणि पोराची खोलीच गुन्हेगार निघावी, असं ती देवीला डोळे फाडून मागत होती. आईनं पोरासाठी काय काय मागावं याला काही धरबंध नसतो म्हणतात. हे मागणं मात्र त्या धरबंधाच्याही पलीकडचं होतं.

"कंबर!" ती ओरडली.

ऊन कमरेवर थांबलं. लाल झालं, फिकं झालं आणि विझलं.

बाहेर महाद्वारापाशी तालमीनं माईक लावला होता. विजयसिंहांनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. अमरसिंह माईकवर बोलला, "मावशींनी आज अपंग पोराची खोली देवीला दिली. असा त्याग आपल्या गल्लीनं बघितला न्हाय. आता मावशींनीच सांगावं, अजून काय अडतंय. त्या सांगतील ते तालमीला मान्य." आणि त्यानं माईक तिच्यापुढं धरला.

तिनं मान वर केली. पश्चिमेला आभाळ तांबडं होतं आणि त्यावर ती पाटी काळीठिक्कर उभी होती. मागं अजून थोडा उजेड रेंगाळत होता. धोंडुबाईची गच्ची मोकळी झाल्यामुळं पाटी आता आणखी चांगली दिसत होती. दोनचार माणसांनी तिच्या नजरेमागं नजर नेली. नीलम्माही गर्दीत होती. सगळे थांबले होते. आयुष्यात एवढी शांतता धोंडुबाईला कधी कुणी दिली नव्हती.

एक शब्द पुरला असता. पाटी. पण तो शब्द उच्चारला की दुपारचा घण परत हातात येत होता. पाटीच अडवत असेल तर खोली फुकट गेली. पोराचं ऊन तिनं फुकट, स्वतःच्या हातानं फोडलं. नीलम्माचं देवघरही फुकट. हे सगळं कबूल करून मग त्या जिन्याखालच्या खोलीत रोज पोराची पाठ पुसायची, एवढं बळ तिच्यात नव्हतं. अजून काहीतरी अडत असलं, लहानसं, शेजारचंच, तर खोली वाया गेली असं होत नव्हतं. तर ती नुसती आधी गेलेली एक ठरत होती. शाल अंगावर ऊबदार होती.

तिचं बोट वर गेलं. फार वर गेलं नाही.

"त्यो पत्रा," धोंडुबाई माईकवर म्हणाली. "क्रांतीच्या गच्चीवरचा."

टाळ्या झाल्या. विजयसिंहांनी हात जोडून मान लववली. नीलम्मा वळली आणि गर्दीतून निघून गेली. क्रांती तिथं नव्हती. केरबा एकटा पडू नये म्हणून ती त्याच्यापाशी बसली होती, आणि नुकतीच घरी पोरींना जेवायला वाढायला गेली होती.

धोंडुबाई घरी आली. अंगावरची शाल तिनं दाराबाहेरच काढून घडी केली. आत अंधार होता. देवळात दिवे मालवले तेव्हा केरबानं क्रांतीला हा बल्बही मालवायला सांगितला होता, आणि त्याला स्वतःला बटणापर्यंत पोचता येत नव्हतं. छातीवर मोबाईल पालथा पडला होता, त्याच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ गळत होती.

"पोचली रं किरणं," ती घाईघाईनं म्हणाली. "मुखापातूर पोचली. समदी म्हणत हुती, केरबाच्या खोलीमुळं..."

"आई," केरबा म्हणाला.

ती थांबली. तालमीच्या माईकचं सगळं मोबाईलवर दाखवतात, हे ती दर वर्षी अभिमानानं पाहुण्यांना सांगायची.

त्यानं मोबाईल उचलून बंद केला. मग त्यानं अगदी साध्या आवाजात, बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "क्रांतीवहिनीचा पत्रा कवा काढणार हायत?"

"सकाळी," धोंडुबाई म्हणाली.

"मग तिला आत्ताच गादी परत दे. तिच्या हातची हाय."

"आणि तू रं?"

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. धोंडुबाईनं बटण दाबलं. विजयसिंहांचा मोठा फॅन दुपारीच बसवून झाला होता, बल्बबरोबर तोही सुरू झाला.